अपुऱ्या दिवसांची नोंद

कोल्हापूर शहराच्या ईशान्येस, पंचगंगेच्या काठी वसलेल्या कसबा बावड्याचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात मुख्यतः एका जन्मामुळे घेतले जाते. कागलच्या घाटगे घराण्यातील आबासाहेबांचे पुत्र यशवंतराव २६ जून १८७४ रोजी येथील लक्ष्मी-विलास राजवाड्यात जन्मले, १७ मार्च १८८४ रोजी करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि पुढे शाहू छत्रपती म्हणून त्यांनी या संस्थानाचाच नव्हे तर साऱ्या मराठी समाजाचा कायापालट घडविण्यास हात घातला. त्या जन्माच्या तारखेसंबंधी पुढे अभ्यासकांनी कागदपत्रांची रुजुवात केली आणि महिन्याचा घोळ दूर करून शासनानेही २६ जून हीच तारीख मान्य केली. एका बालकाच्या जन्मदिवसाची इतकी काळजी घेतली गेली, हे उचितच झाले. परंतु त्याच बावड्यात, त्या राजवाड्याच्या आसपासच्या कुणबी-मराठ्यांच्या, बलुतेदारांच्या आणि गावकुसाबाहेरच्या घरांतून जी मुले दिवस भरण्यापूर्वी जन्मली आणि नाव ठेवण्याइतकीही जगली नाहीत, त्यांचा उल्लेख कोणत्याही दफ्तरात सापडावयाचा नाही. आणि साथीच्या तापाचा इतिहास लिहिताना नेमक्या याच मुलांची आणि त्यांच्या मातांची कहाणी गळून पडते, ही मला या विषयातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, ही करवीर प्रांतातील शेतकरी कुटुंबांची जुनी समजूत होती, आणि तिच्यात शहाणपणाचा अंश होता यात संशय नाही. पोटुशी बाई भांगलणीला जाई, जात्यावर बसे, नदीचे पाणी आणी, हंगामात गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसांच्या भाकरी थापी, आणि चुलीच्या धुरात तिचा निम्मा दिवस जाई. पहिलटकरणीला मात्र सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून बैलगाडीने माहेरी धाडीत, आणि तेथे तिच्यासाठी माजघरालगतची एक लहानशी, खिडकी नसलेली खोली सारवून ठेवीत. बाळंतीण झाली म्हणजे बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी येई. ओवा, वेखंड आणि बाळंतशेपा यांची धुरी दोन्ही वेळा फिरे. दाराशी कडुलिंबाचा डहाळा लागे. आणि सोयराचे दहा दिवस परक्या माणसाला त्या उंबऱ्याच्या आत मज्जाव असे. ज्यांनी ही चाल पाडली त्यांना जंतूंचे ज्ञान नव्हते, तथापि नव्या जीवाजवळ बाहेरची माणसे येऊ देऊ नयेत हे अनुभवाने त्यांच्या ध्यानात आले असले पाहिजे. त्याच चालीने एका हाताने दिलेले संरक्षण दुसऱ्या हाताने काढूनही घेतले, हेही सांगणे प्राप्त आहे. कोंदट खोलीत साठलेला धूर आई आणि मूल या दोघांच्याही छातीला जाचत असे. एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी सुईण आपल्याबरोबर काय नेते याचा विचार कोणी करीत नसे. आणि पाचव्या दिवशी सटवाईच्या पूजेला पाटा-वरवंटा मांडला म्हणजे भावकीतील आणि आळीतील बायाबापड्या, खोकणाऱ्यांसुद्धा, त्याच खोलीत दाटीवाटीने बसत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे सारे निर्बंध प्रसूतीनंतरचे होते. पोटात सहा-सात महिन्यांचा गर्भ असलेल्या स्त्रीला सर्दी-पडशाने आजारलेल्या माणसांपासून दूर ठेवण्याची चाल आपल्या समाजात कधी पडलीच नाही. उलट घरात कोणी तापाने अंथरुणाला खिळले तर पेज भरविण्याचे, कपाळावर ओली घडी ठेवण्याचे आणि उशाशी जागत बसण्याचे काम बहुधा तिच्याच वाट्याला येई. ती स्वतः तापली तर तुळशीचा नाहीतर गवती चहाचा काढा घेऊन पुन्हा कामाला लागे. मग एखाद्या रात्री अवेळी कळा सुरू होत, सुईणीला बोलावणे जाई, आणि दिवस भरायच्या आत बाई मोकळी झाली असे सकाळी आळीत कळे. कोणी दृष्ट लागली म्हणे, कोणी ओझे उचलल्याचा दोष काढी, कोणी ओढ्यावरची वाट चुकीच्या वेळी ओलांडल्याचे सांगे. आठ दिवसांपूर्वीच्या तापाशी या घटनेचा संबंध जोडणारे बहुधा कोणी नसे.

अपुऱ्या दिवसांच्या मुलाबद्दल एक समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे: सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातील जगत नाही. ही केवळ खेड्यातील बायकांची कल्पना नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज म्हणजे जीवनशक्ती मातेकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून मातेकडे फिरत असते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची, असा विचार मांडला आहे. सुश्रुताने तर अशा मुलाला नैर्ऋताचा, म्हणजे राक्षसाचा, भाग मानून बली देण्यास सांगितले आहे. आणि प्राचीन ग्रीक वैद्यांतही आठमाशी मुलाविषयी अशीच धारणा होती. आधुनिक वैद्यकाने ती निःसंशय खोटी ठरविली आहे, कारण गर्भाशयातील प्रत्येक अधिक आठवडा मुलाच्या फुप्फुसांना बळ देतो आणि आठमाशी मुलाची जगण्याची शक्यता सातमाशी मुलाहून अधिक असते. या समजुतीने किती आठमाशी मुलांकडे हताशपणे पाहिले गेले असेल, याचा विचार मनाला यातना देतो. तिच्याच शेजारी दुसरी एक चाल होती, जी खरोखर मोलाची होती: लहानखुऱ्या मुलाला पिंजलेल्या कापसात गुंडाळून आईच्या कुशीत ठेवावे आणि दुधाचे थेंब कापसाच्या बोळ्याने तोंडात सोडावेत. ऊब, आईचा स्पर्श आणि तिचेच दूध, या तीन गोष्टींवर आजचे वैद्यही तितकाच भर देतात.

आता १९१८ सालाकडे वळू. त्या वर्षीच्या जून महिन्यात मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, आणि काही दिवसांतच तो इन्फ्लुएन्झाचा ताप शहरभर पसरला. महायुद्धाच्या निमित्ताने मेसोपोटेमियापासून मुंबईपर्यंत सैन्याची ये-जा अखंड चालू होती. मराठा पलटणींत भरती झालेले तरुण दक्षिण महाराष्ट्राच्या गावोगावी होते. आणि १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरपर्यंत आलेल्या लोहमार्गाने मुंबई-पुण्याची बातमी जशी एका दिवसात येई तशीच आता रोगराईही येऊ शकत होती. करवीर दरबारावर त्याच जून महिन्यात दुःखाचा डोंगर कोसळला होता: १२ जून १९१८ रोजी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव, प्रिन्स शिवाजी, शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात मरण पावले. त्या वर्षी पावसानेही दगा दिला. पिके करपली, धान्याचे भाव युद्धामुळे आधीच चढलेले होते ते आणखी चढले, आणि अर्धपोटी राहिलेल्या जनतेवर सप्टेंबरात साथीची दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट येऊन आदळली. मुंबई शहरात ६ ऑक्टोबर रोजी, म्हणजे नवरात्राच्या आरंभीच, एका दिवसात ७६८ माणसे दगावली. ज्या दिवसांत कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला गावोगावची माणसे लोटतात, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि दसरा-दिवाळीची वर्दळ असते, त्याच दिवसांत श्वासाने पसरणारा हा रोग ऐन भरात होता.

प्लेगच्या वीस वर्षांच्या अनुभवाने करवीरच्या प्रजेला एक गोष्ट शिकविली होती, ती अशी की उंदीर पडू लागले म्हणजे घर सोडावे आणि माळावर झोपडी बांधून राहावे. इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत ही विद्या निरुपयोगी ठरली, कारण माणूस झोपडीत गेला तरी रोग त्याच्या श्वासाबरोबर तेथेही जाई. रोगाचे कारणही तेव्हा कोणाला नीट माहीत नव्हते. वैद्यकीय जगाचा मोठा भाग फायफरच्या जीवाणूला दोष देत होता, आणि माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत हाती लागण्यास १९३३ साल उजाडावे लागले.

एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसे या साथीत गेली असा अंदाज आहे, आणि साऱ्या हिंदुस्थानचा आकडा सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत निरनिराळ्या अभ्यासकांनी दिला आहे. या संहाराचे एक विचित्र लक्षण त्या वेळच्या अधिकाऱ्यांच्याही नजरेस आले: नेहमीच्या साथी बालकांना आणि वृद्धांना नेतात, पण या तापाने वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे अधिक नेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात मेल्या. स्त्रियांच्या या अधिक मृत्यूंचे कारण सांगताना त्या शेवटी जेवतात, अंधाऱ्या घरात राहतात आणि आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करतात, असे म्हटले जाते, आणि ते खरेच आहे. पण वीस ते चाळीस हेच वय गर्भारपणाचे आणि बाळंतपणाचे होय, ही गोष्ट त्या स्पष्टीकरणात जितक्या ठळकपणे यावयास हवी होती तितकी आली नाही.

ती का आली नाही, हे सरकारी नोंदींचा नमुना पाहिला म्हणजे उमगते. मृत्यूच्या कारणांसाठी पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे रोग, अपघात आणि इतर अशी मोजकी खाती होती. नोंद करणारा पाटील किंवा कुलकर्णी वैद्य नव्हता. आणि अंग तापून मेलेले बहुतेक माणूस तापाच्या खात्यात जमा होई. सात महिन्यांची पोटुशी बाई तापाने अवेळी बाळंत होऊन दोन दिवसांनी मयत झाली, तर खात्यात एक ताप वाढे. तिचे मृत जन्मलेले मूल बहुधा ना जन्माच्या बाजूला लिहिले जाई ना मृत्यूच्या. ते परसात किंवा नदीकाठी पुरले जाई आणि तेथेच त्याचा विषय संपे. करवीर संस्थानात तर याच १९१८ साली महाराजांनी कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमण्यास प्रारंभ केला. शेकडो वर्षांची ती मिरासदारी मोडणे अत्यंत न्याय्य होते, यात माझ्या मनात किंचितही किंतु नाही; परंतु गावचे लिखाण एका हातातून दुसऱ्या हातात जात असतानाच ही आपत्ती यावी, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला जड जाणारा आहे. जे दफ्तरात उतरले नाही ते पुढील वर्षी अप्रत्यक्षपणे मात्र दिसले: १९१९ साली देशभर जन्मांचे प्रमाण एकदम खाली गेले, आणि १९२१ च्या खानेसुमारीत आजच्या भारताच्या हद्दीतील लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या पेक्षा किंचित कमी भरली. जन्म घटण्याची कारणे अनेक होती, दांपत्यांपैकी एक जण मेला, उपासमारीने गर्भधारणाच राहिली नाही. पण राहिलेले गर्भ तापाने पडले, हेही त्यांतील एक कारण होते.

याचा प्रत्यक्ष हिशेब एका डॉक्टराने सातासमुद्रांपलीकडे मांडला. बाल्टिमोर येथील जॉन हॅरिस यांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांकडून माहिती मागवून १९१८ च्या साथीत आजारी पडलेल्या १,३५० गरोदर स्त्रियांचा वृत्तान्त १९१९ साली प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना न्यूमोनिया झाला होता, आणि न्यूमोनिया झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मेल्या. एकूण मृत्यूंचे प्रमाण शेकडा २७ होते. ज्यांना केवळ ताप-खोकला झाला त्यांच्यापैकी शेकडा २६ स्त्रियांचे गर्भ मुदतीपूर्वी बाहेर आले, आणि न्यूमोनिया झालेल्यांत हे प्रमाण ५२ होते. डॉक्टरांनी कळविलेली प्रकरणे बहुधा अधिक गंभीर असतात, हे लक्षात घेऊनही हे आकडे वाचताना, जेथे पोटभर अन्न, दवाखाना आणि परिचारिका होत्या तेथे असे घडले तर १९१८ च्या आश्विनात आमच्या दुष्काळी गावांत काय घडले असेल, हा प्रश्न टाळता येत नाही.

कोल्हापूरला स्त्रियांच्या वैद्यकीची परंपरा मात्र होती, आणि तिचा आरंभ एका बालमृत्यूच्या दुःखातून झाला आहे. आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय त्या वियोगाशी जोडलेला आहे. फिलाडेल्फियात त्यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. १८८६ च्या मार्च महिन्यात त्या एम्.डी. झाल्या आणि कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी नेमले. परंतु क्षयाने पोखरलेल्या देहाने त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. ती जागा त्यांच्या हातून कधी चालली नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांच्या आश्रयाने डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच रुग्णालयात रुजू झाल्या आणि त्यांनी करवीरच्या असंख्य स्त्रियांची बाळंतपणे केली. आज छत्रपती प्रमिलाराजे यांच्या नावाने ओळखले जाणारे ते रुग्णालय बावड्याहून फार दूर नाही. तरीही त्या काळी ते अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते. घरातील वडीलधाऱ्यांची संमती, गाडीची सोय आणि परक्याच्या हाताने बाळंत होण्याची लाज, एवढे सारे ओलांडून तेथे पोहोचावे लागे.

श्वसनमार्गाच्या रोगाने गर्भाशयास का धक्का बसावा, याचा उलगडा पुढे हळूहळू झाला. इन्फ्लुएन्झाचा विषाणू बहुधा वार ओलांडून गर्भापर्यंत जात नाही. तथापि गर्भ वाढत जातो तसे मातेचे उदरपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांची राखीव शक्ती घटते, आणि प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. अशा वेळी न्यूमोनियाने फुप्फुसांचा काही भाग निकामी झाला तर ती स्त्री फार लवकर कासावीस होते आणि गर्भालाही प्राणवायू कमी पडतो. विषाणूशी झगडताना शरीर जी दाहक द्रव्ये रक्तात सोडते, त्यांच्यामुळे आणि तीव्र ज्वरामुळे गर्भाशयाचे आकुंचन मुदतीपूर्वी सुरू होऊ शकते. वैद्यक ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच्या जन्माला मुदतपूर्व म्हणते, आणि अशा मुलाच्या फुप्फुसांतील सूक्ष्म कोश उघडे ठेवणारा स्निग्ध थर पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून जन्मतःच त्याला श्वासासाठी झगडावे लागते. साध्या सर्दीने असे होते असे मात्र कोणी समजू नये. सौम्य आजारातून बहुतेक गरोदर स्त्रिया सुखरूप बाहेर येतात. धोका वाढतो तो ताप चढत जाऊन रोग छातीत उतरला म्हणजे.

१९५७ च्या आशियाई फ्लूने आणि २००९ च्या स्वाइन फ्लूने हेच पुन्हा दाखविले. २००९ च्या ऑगस्टात या दुसऱ्या साथीचा देशातील पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि पुढील काही वर्षे पश्चिम महाराष्ट्र तिच्या छायेत राहिला. गंभीर आजारी पडणाऱ्यांत गरोदर स्त्रियांचे प्रमाण सर्वत्र लक्षणीय होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रियांना दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत फ्लूची लस मोफत देण्यास प्रारंभ केला, आणि असे करणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. या लसीचा लाभ मुलालाही होतो, हे ढाक्यातील एका प्रयोगाने २००८ सालीच सिद्ध केले होते: लस घेतलेल्या मातांच्या मुलांत पहिल्या सहा महिन्यांत खात्रीने निदान झालेला इन्फ्लुएन्झा शेकडा ६३ ने कमी आढळला. इतके असूनही गर्भारपणी लस म्हटली की घरातील वडील मंडळी अजून कचरतात. त्यांची भीती प्रेमापोटी आहे हे मी जाणतो, पण तिच्यापायी सुनेला वंचित ठेवणे मला अक्षम्य वाटते.

कोविडच्या साथीत गरोदर स्त्रियांची नोंद स्वतंत्रपणे आणि सविस्तर ठेवली गेली. मुंबईचे नायर रुग्णालय आणि राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्था यांच्या पुढाकाराने राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतून अशा मातांची माहिती एकत्र केली गेली, आणि पहिल्या लाटेपेक्षा दुसरी लाट त्यांच्यावर कितीतरी कठोर होती हे तिच्यातून दिसले; जगभरच्या अभ्यासांतही लागण झालेल्या मातांत मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाण अधिक भरले. या लढाईत लस हे साधन उपलब्ध असूनही गरोदर स्त्रियांना ती देण्यास केंद्र सरकारची मान्यता मिळाली ती २ जुलै २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेचा कहर देशाच्या बहुतेक भागांत होऊन गेल्यावर. कोल्हापूर जिल्ह्यात लागण तेव्हाही राज्याच्या इतर भागांहून अधिक होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत पंचगंगेला महापूर आला, बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली, आणि नदीकाठच्या कुटुंबांना घरे सोडून निवारा केंद्रांत एकत्र राहावे लागले. साथीच्या दिवसांत जी दाटी टाळावयाची, तीच पुराने लोकांवर लादली. आणि ज्या स्त्रियांचे दिवस भरत आले होते त्यांना लसीच्या पहिल्या मात्रेची परवानगी मिळून अद्याप महिनाही लोटला नव्हता.